विलायती चाक

"शेवटी काय आहे हो ते, भाऊ? एक चाक आणि मधोमध एक पिन. एवढंच ना?" सुनीलने बशीत ओतलेला चहा फुंकला. "त्याच्यासाठी माणूस एवढे पैसे घालतो? वहिनी, तुम्ही तरी बोला काहीतरी."

उज्वला खाली बसून वाती वळत होती. ती नुसती हसली.

"ती काय बोलणार," खंडेराव म्हणाले. "चाकच आहे, म्हणून तर महाग आहे. तुझ्या त्या चायनाच्या रीलमध्ये गिअर आहेत, स्प्रिंगा आहेत, ब्रेक आहे. एकाचं चुकलं तर दुसरं झाकून घेतं. इथं झाकायला काही नाही. पिन सरळ नसली की सगळं उघडं पडतं."

"अहो, पण माशाला कळतं का रील कुठलं ते?"

"माशाला नाही कळत. धरणाऱ्याला कळतं."

"मग धरणाऱ्यानं मासा तरी घरी न्यावा! विलायती चाक आणायचं, अर्धा दिवस पाण्यात उभं राहायचं, आणि लागलेला मासा परत नदीत. वहिनींनी लग्नात मंगलाष्टकं म्हणून घेतली का शपथ घालून घेतली?"

यावर दोघंही मोठ्याने हसले. सुनील ओझरच्या विमान कारखान्यात होता आणि रविवार आला की खंडेरावांबरोबर नदीवर. इतक्या वर्षांची सवय होती, की त्याची थट्टा आता घरातल्या फोडणीच्या वासासारखी झाली होती. मात्र उज्वला हसता हसता खंडेरावांच्या कपाकडे बघत होती. हल्ली ती त्यांना कप अर्धाच भरून द्यायची. पूर्ण भरला की उचलताना बशीत सांडायचा. अर्धा कप का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि तिनेही कधी सांगितलं नव्हतं.

सुनील म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. सेंटरपिन, म्हणजे या जातीचं रील, खरोखरच एक चाक. बाजारातल्या रीलला दोरी आवरायची काही ना काही युक्ती असते, याला एकही नाही. वाहत्या पाण्यात फ्लोट, म्हणजे दोरीला बांधलेली तरंगती काडी, सोडायचा, पाणी त्याला ओढत नेतं, चाक आपोआप फिरतं, आणि कडेला अंगठा हलकेच टेकवून माणसाने ते आवरायचं. मोरपीस टेकवावं तसा अंगठा. जास्त दाबला तर फ्लोट अडखळतो, सोडला तर चाक भिरभिरतं आणि दोरीचा गुंता होतो. सातपूरच्या एका कंपनीत खंडेरावांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. तिथून त्यांना या चाकाचं वेड लागलं. पंधराएक वर्षांपूर्वी त्यांनी ॲल्युमिनियमच्या गोळ्यातून लेथवर स्वतःच एक सेंटरपिन काढलं होतं. ते घरी आणलं तेव्हा त्यांनी ते टिचकीने फिरवून उज्वलाच्या कानाशी धरलं. "काही ऐकू येतं?" "नाही." "मग झालं!" म्हणाले, आणि जेवायला बसले.

लग्न झालं तेव्हा मखमलाबादच्या त्यांच्या मळ्यात फुलं व्हायची, आणि घरात मासे शिजायचे. उज्वलाच्या माहेरी लसूणही बेताचा. तिने एकच गोष्ट मागितली होती, घरात जीव मारून आणू नका. खंडेरावांनी नदी सोडली नाही, पण मासा सोडायला लागले. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो, तो ते कानशीने घासून काढायचे, म्हणजे माशाच्या तोंडातून गळ अलगद निघतो. बोटं ओली करून मासा धरायचा, गळ काढायचा, आणि तो स्वतःहून निघून जाईपर्यंत त्याला पाण्यात सावरून ठेवायचं. गावातले लोक हसायचे. पण उज्वला पहाटे तुळशीला पाणी घालून, पोथीचा अध्याय वाचून, मग त्यांच्यासाठी कणकेचा गोळा मळून द्यायची. हिंग घातलेला. हे आमिष आहे याचा तिला कधी संकोच वाटला नाही, कारण शब्द पाळला जात होता.

गेल्या उन्हाळ्यापासून मात्र फ्लोट नाचायला लागला.

"पिन घासली असणार," खंडेराव पहिल्यांदा म्हणाले. पिन बदलली. मग बेअरिंग बदललं. मग बुश. एमआयडीसीतल्या ओळखीच्या दत्तूच्या वर्कशॉपला फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. फ्लोट नाचतच होता. आणि घरात पळीतलं वरण ताटाबाहेर सांडत होतं, शर्टाचं वरचं बटण उघडंच राहत होतं, देवाला हळदकुंकू वाहताना चिमूट वाटेतच मोकळी होत होती. वैष्णवी, त्यांची लेक, पुण्याहून आली तेव्हा तिने एका जेवणात सगळं पाहिलं. तिने नाशिकमधल्याच मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. खंडेराव गेले नाहीत. तिने पुन्हा घेतली. पुन्हा गेले नाहीत.

"माझ्या हाताला काही झालं नाही," ते म्हणाले. "जुनं रील गेलंय. इंग्लंडात एक म्हातारा एकेक रील हाताने बनवतो. ते मागवतो मी. त्याच्यावर पण फ्लोट असाच नाचला, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. मग तर झालं?"

"पप्पा, एवढ्या पैशात नवी स्कूटर येईल!"

"स्कूटर आहे माझ्याकडे."

वैष्णवी आईकडे बघायला लागली. आईने ठाम व्हावं असं तिला वाटत होतं. पण उज्वलाने मान खाली घातली आणि म्हणाली, "मागवू दे गं त्यांना."

त्या दिवसापासून उज्वलाने चहा सोडला. तिच्या नेमांची कुणाला गणती नव्हती. सोमवार एकभुक्त, संकष्टी, एकादशी, चातुर्मासात गोपद्मं, त्यामुळे एक नेम वाढला तर कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. पण चहा हा तिचा एकुलता एक शौक. तोच तिने देवासमोर ठेवला. मार्गशीर्ष लागला आणि गुरुवारचा घट मांडून ती हात जोडून बसली, तेव्हा मात्र तिची तीच चपापली. नवऱ्याचा हात बरा होऊ दे, असं ती मागतच नव्हती. मागणं आपोआप असं आलं होतं, की जुनं रील खराब असू दे. आई महालक्ष्मी, ते वाईटच असू दे, आणि नवीन चांगलं निघू दे. असलं मागणं कुठल्या कहाणीत नव्हतं. तिने तरी तेच मागितलं आणि आरती केली.

वैष्णवीच्या ऑफिसातला एक जण कामाला लंडनला गेला होता, त्याने येताना रील आणलं. पुण्याहून कुरिअरने ते शुक्रवारी आलं. खोका उघडताना खंडेरावांनी कात्री उज्वलाच्या हातात दिली. "तूच काप. पहिल्यांदा बाईच्या हातानं उघडावं." तिने चिकटपट्टी कापली. आत कातडी पिशवी आणि पिशवीत ते चाक. काळसर, दिसायला अगदी साधं. इतक्या पैशाचं काहीच त्याच्यावर दिसत नव्हतं. खंडेरावांनी ते मेजावर ठेवलं आणि टिचकी मारली.

उज्वलाने कुकर लावला, तिन्ही शिट्ट्या झाल्या, तरी चाक फिरत होतं.

"बघितलंस?" खंडेराव लहान मुलासारखे म्हणाले. "बघितलंस ना?"

"छान आहे हो," ती म्हणाली, आणि तिला खरोखरच इतकं हलकं वाटलं, की तिने देवाजवळ जाऊन साखर ठेवली.

शनिवारी एमआयडीसीला सुट्टी. मशिनं बंद असतात म्हणून दत्तूला वेळ होता. खंडेरावांनी उज्वलालाही बरोबर घेतलं, कारण नवीन वस्तूला नारळ फोडायचा तर घरच्या लक्ष्मीने, असं त्यांचं म्हणणं. वर्कशॉपमध्ये तेलाचा आणि थंड लोखंडाचा वास होता. तिने लेथच्या बाजूला जागा पुसून रील ठेवलं, कुंकवाचं बोट लावलं, नारळ वाढवला. दत्तूने खोबरं तोंडात टाकलं आणि हात पुसत म्हणाला, "चला भाऊ, आता देव झाला. आता डायल लावू!"

डायल म्हणजे घड्याळासारखं छोटं यंत्र. त्याची दांडी फिरत्या वस्तूच्या कडेला टेकवायची, वस्तू जराशी जरी वाकडी फिरली तर काटा हलतो. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, हे उज्वलालाही पाठ होतं. संसारभर तिने हेच ऐकलं होतं. खंडेरावांचा माणसांवर विश्वास होता, देवावर होता, पण डायलवर होता तसा कशावरच नव्हता. टूलरूममध्ये कुणी म्हणालं की 'मला वाटतं बरोबर आहे', तर ते म्हणायचे, तुला काय वाटतं ते डायलला सांग.

दत्तूने रील बसवलं, दांडी टेकवली आणि चाक हळूहळू फिरवलं. सगळे वाकून बघायला लागले.

काटा जागचा हलला नाही.

"मेला का काय काटा!" दत्तूने डायलवर टकटक केली. पुन्हा फिरवलं. काटा तसाच. "भाऊ, लय भारी हाय राव! म्हाताऱ्याचा हात हाय का देवाचा?"

खंडेरावांच्या चेहऱ्यावरून उजेड नुसता सांडत होता. "पैसे उगाच घेत नाही तो. सांग त्या सुनीलला!"

"सांगतो ना. फोटोच पाठवतो." दत्तूने मोबाईल काढला. आणि मग, सहज, अगदी सहज, त्याला आठवलं. "तुमचं जुनं पण आणलंय न्हवं पिशवीत? लावू का त्याला पण? गंमत म्हणून. फरक कळंल."

"लाव की," खंडेराव म्हणाले.

उज्वलाला वाटलं, नको म्हणावं. का, ते तिचं तिलाही कळलं नाही. तिने तोंड उघडलंही, पण एवढ्यात दत्तूने जुनं रील बसवलं होतं. त्याच्या कडेला बोटांनी झिजून चकाकी आली होती. दत्तूने दांडी टेकवली. फिरवलं.

काटा किंचित थरथरला. अर्धं घर. मग तिथेच.

दत्तूने पुन्हा फिरवलं. पुन्हा अर्धं घर.

"आयला!" दत्तू मनापासून हसला. "भाऊ, तुमचं पण तसंच हाय की! जरासं जड फिरतं, तेवढंच. पण धाव एकदम सरळ. अहो, पंधरा वर्षं पाण्यात जाऊन अर्धं घर! कशाला घातले एवढे पैसे इंग्रजाच्या उरावर? मला दिले असते, वहिनींना पैठणी आली असती!"

"पैठणी नको बाई मला," उज्वला काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

खंडेरावही हसले. चांगले मोठ्याने हसले. पण हसताना त्यांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला, आणि घरी येईपर्यंत, स्कूटर चालवली तेवढा वेळ सोडून, तो बाहेर काढला नाही. दत्तूने निघताना खोबऱ्याची वाटी पुढे केली, ती त्यांनी डाव्या हाताने घेतली. प्रसाद कधी डाव्या हाताने घेणारा माणूस नव्हता तो.

संध्याकाळी दिवा लागला. उज्वलाने त्यांच्यापुढे अर्धा कप चहा ठेवला आणि स्वतः पाण्याचं भांडं घेऊन बसली.

"चहा कधीपर्यंत सोडलायस?" त्यांनी विचारलं.

"नेम आहे."

"ते कळलं. कधीपर्यंत?"

"ठरवलं नाही अजून."

खंडेरावांनी कप दोन्ही हातांनी धरला. "ठरवायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

उज्वलाला वाटलं, आता ते म्हणतील, फोन लाव वैष्णवीला. तिने मन घट्टही केलं. पण ते म्हणाले, "डायलचं काय असतं, मशीनवर वस्तू गच्च बांधलेली असते. पाण्यावरचं त्याला काय कळणार? जुनं जड फिरतं असं दत्तूच म्हणाला ना? त्या जडपणानंच फ्लोट अडखळत असणार. उद्या दारणेवर जाऊ. आवर्तन सुटलंय, पाणी वाहतं आहे. तू पण चल."

"मी येऊन काय करू?"

"काही नको करू. बस नुसती."

जन्मात त्यांनी तिला नदीवर बोलावलं नव्हतं. रात्री ती निजताना पुन्हा तेच मागायला गेली, पण आता नक्की काय मागायचं तेच तिला जुळवता येईना. जुनं रील खराब असू दे, हे तर आता मागता येत नव्हतं. दत्तूने डायल लावून दाखवला होता. शेवटी तिने नुसतं नाव घेतलं आणि कूस बदलली.

रविवारी तांबडं फुटायच्या सुमारास दोघं निघाली. उज्वला मागे बसली, मांडीवर आडवी रॉडची पिशवी, हातात कणकेचा डबा. देवळाली कॅम्प मागे पडला, भगूर मागे पडलं, पूल ओलांडून कच्च्या वाटेने दोघं नदीच्या काठाला उतरली. धरणातून शेतीसाठी पाणी सोडलं होतं. एरवी डबक्याडबक्यांनी पडलेली दारणा काठोकाठ वाहत होती. थंडी होती. पाण्यावरून वाफ निघत होती. सुनीलला खंडेरावांनी मुद्दाम कळवलं नव्हतं.

तिने सतरंजी अंथरली, माळ काढली आणि त्यांच्याकडे पाठ न करता, पण थेट बघतेय असंही वाटू नये अशी बसली. खंडेरावांनी रॉड जोडला. रील बसवलं. दोरी कड्यांमधून ओवायला वेळ लागला. गळ बांधायला त्याहून वेळ लागला. ती उठणार होती, पण उठली नाही.

पहिला फ्लोट त्यांनी सोडला. लाल टोकाचा, बोटाएवढा. पाण्याने तो उचलला आणि चाक फिरायला लागलं. आवाज नाही, काही नाही. फ्लोट असा गेला, जसं एखादं पान जावं. खंडेरावांचा अंगठा चाकापासून वर होता. चार-पाच हात, दहा हात. उज्वलाच्या हातातली माळ थांबली. सरळ! सरळ जातोय! तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांनी अंगठा टेकवला.

फ्लोट अडखळला. पुढे गेला, अडखळला, पुढे गेला. पाण्यावर कुणी बोट आपटत असावं तसं त्याचं लाल टोक खालीवर व्हायला लागलं. जुन्या रीलवर तो नाचायचा असं ते म्हणायचे. हा नाचत नव्हता, हा कापत होता. खंडेरावांनी दोरी गुंडाळली. पुन्हा सोडली. पुन्हा तसंच. अंगठ्याच्या जागी तर्जनी लावून पाहिली. कोपर बरगडीला आवळून धरला. डाव्या हाताने मनगट पकडलं. प्रत्येक वेळी फ्लोट आधी सरळ जायचा, आणि हात लागला की थरथरायला लागायचा. जुनं चाक जरा जड होतं, आणि त्या जडपणात हाताची थरथर थोडी तरी मुरून जायची. हे नवं इतकं हलकं होतं, की बोटातलं सगळं जसंच्या तसं पाण्यावर काढून दाखवत होतं.

उज्वलाला हे यंत्रातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की हा माणूस एकेक करून सगळ्या वाटा तपासून बघतोय आणि एकेक बंद होतेय.

सूर्य वर आला. ते थांबतील असं वाटत असतानाच फ्लोट एकदम खाली गेला.

"लागला," ते म्हणाले. आवाजात जुना आनंद नव्हता. घाबरल्यासारखा होता.

मोठा होता. रोहू असेल, किंवा कटला. रॉड वाकला आणि चाक भर्रकन फिरायला लागलं. अशा वेळी अंगठ्याने आवरायचं असतं, थोडं थोडं, माशाला दमवत. खंडेरावांनी अंगठा लावला. तो टकटक टकटक असा कडेवर आपटायला लागला. चाक थांबलं, सुटलं, थांबलं, आणि मग एकदम मोकाट सुटलं. दोरीची भेंडोळी सुटून बाहेर आली, त्यांच्या बोटांत, मनगटात, रॉडच्या मुठीत अडकली. त्यांनी डाव्या हाताने ती ओढायला बघितलं. माशाने मान फिरवली असेल. दोरी ताणली गेली, कडकन आवाज झाला, आणि रॉड सरळ झाला.

पाणी वाहत होतं.

उज्वला उठून उभी राहिली होती. "काय झालं?"

"तुटली."

"मासा?"

"गेला."

तिला समजायला क्षणभर लागला. "आणि गळ?"

ते दोरीचं तुटलेलं टोक बघत होते.

"अहो, गळ त्याच्या तोंडात राहिला?"

"घासलेला आहे," खंडेराव म्हणाले. "काटा घासलेला आहे त्याचा. पडून जाईल."

"पडेल ना?"

"पडेल." मग थोड्या वेळाने, "पडायला पाहिजे."

तिच्या माहितीत इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे तो मासा आला, कुठेतरी खाली, दगडाच्या कपारीत, तोंडात लोखंड घेऊन. तिने त्याच्यासाठी कणीक मळली होती. हिंग घालून, पहाटे, पोथी वाचल्यावर. ती पुन्हा खाली बसली. खंडेरावही तिथेच, ओल्या दगडावर बसले. दोरीच्या गुंत्यात त्यांचा हात तसाच अडकलेला होता. तो सोडवायला तिने पुढे हात केला, तेव्हा ती थरथर पहिल्यांदा तिच्या हाताला लागली. पाखरू मुठीत धरावं तशी. ती एका क्षणासाठीसुद्धा थांबत नव्हती.

"रीलचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "फार चांगलं रील आहे. पैसे वाया गेले असं सुनीलला म्हणू देऊ नकोस."

"नाही म्हणू देणार."

"जुन्यावर मला काहीतरी सांगता तरी येत होतं."

ती दोरीचे पदर एकेक करून सोडवत राहिली.

"मला कंपनीतच कळलं होतं, उज्वला. रिटायर व्हायच्या आधी. मायक्रोमीटर धरला की आकडा थांबेना. मी तो कॅलिब्रेशनला, तपासून घ्यायला पाठवला. ते म्हणाले, बरोबर आहे. मी परत पाठवला. परत बरोबर. त्यांच्याशी भांडलो मी. नवीन मागवला. मग त्याचाही आकडा थांबेना." ते नदीकडे बघत बोलत होते. "तेव्हाच कळलं. पण म्हटलं, नदीवर नसेल होत. नदीवर काय मिलिमीटर मोजायचेत?"

"मला का नाही सांगितलं?"

"तू काहीतरी सोडलं असतंस."

तिने सोडलंच होतं. आणि ती सोडत असताना, त्याच्या कितीतरी आधीपासून, जे व्हायचं ते त्या हातात होऊन बसलं होतं. तिने मागितलेलं देवापर्यंत पोचलं नाही असं तिला वाटलं नाही. ते पोचायच्या आधीच उत्तर लिहून झालं होतं असं वाटलं, आणि ते जास्त वाईट होतं.

हात मोकळा झाला. दोरी तिने दाताने तोडली, कारण कात्री आणलीच नव्हती. काठावर तिचा एक तुकडाही राहू नये, पाखरांच्या पायात अडकतो, असं ते म्हणाले म्हणून तिने वाकून वाकून सगळे तुकडे वेचले आणि डब्यात भरले. उरलेली कणीक पाण्यात सोडायला तिचा हात धजला नाही. ती तिने झाडाखाली मुंग्यांना घातली.

"वैष्णवीला सांग, घे म्हणावं डॉक्टरची वेळ," ते म्हणाले.

"सांगते."

"बरं करतात का गं ते?"

तिला थापा मारता यायच्या नाहीत. आज यायला हव्या होत्या असं वाटलं. "औषध देतात," ती म्हणाली. "गोळ्यांनी बरंच हळू होतं म्हणे. वैष्णवीनं वाचलंय."

"हळू होतं," खंडेराव म्हणाले. "म्हणजे होतंच."

रॉड तिने त्यांच्या सांगण्यावरून सोडवला. रील पिशवीत घातलं. चढ चढून दोघं रस्त्याशी आली. खंडेरावांनी स्कूटर स्टँडवरून काढली आणि वळवून उभी केली. उज्वला रस्त्याच्या कडेला उभीच राहिली.

येताना ती मागे बसली होती, काहीही मनात न आणता. गेली इतकी वर्षं बसत होती. गाडीच्या थरथरीत हाताची थरथर कुणाला वेगळी दिसणार? आता मात्र तिला हँडलवरच्या त्या हाताशिवाय दुसरं काही दिसेना.

"इथून भगूर काही फार लांब नाही," ती हळूच म्हणाली. "चालत जाऊ. तिथून रिक्षा करू."

"आणि गाडी?"

"सुनीलभाऊजी येऊन नेतील."

"त्याला काय सांगू? का नेली नाही म्हणून सांगू?"

कुणाला तरी सांगावं लागणारच होतं, सुनीलला, दत्तूला, मखमलाबादच्या दिरांना. पण या माणसाला आजच्या आज एवढं सगळं कसं पेलणार?

"बस," ते म्हणाले. "सावकाश चालवतो. आज शेवटचं."

ती बसली. पिशवी मांडीवर घेतली आणि दुसरा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. नेहमी ती सीटच्या मागची दांडी धरायची. गाडी सुरू झाली. डांबरीवर आल्यावर समोरून लष्कराचा एक ट्रक आला, त्याच्या वाऱ्याने हँडल डगमगलं, खंडेरावांनी ते सावरलं. तिच्या ओठांवर सवयीने नाव आलं. नावापुढचं मागणं मात्र येईना. हात बरा होऊ दे, हे मागायला जीभ वळेना. मागून काय उपयोग, असंही तिच्या मनात आलं नाही, तिला ते फक्त सुचेनासं झालं होतं.

पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर दिसला, अर्धा रस्ता अडवून येत असलेला. तो नीट जाऊ दे, एवढंच ती म्हणाली.

तो गेला. मग पूल होता.